ठरलेल्या शेवटाच्या बाजूने

मंडळी, आज जरा भांडायचं ठरवलं आहे. एरवी मी इथे जुन्या आठवणी, वाचलेली पुस्तकं, गच्चीतल्या कुंड्या असं काहीबाही लिहीत असते. तुम्हीही कौतुकानं वाचता. आजचा सूर मात्र थोडा वरचा लागणार आहे, सांभाळून घ्या.

निमित्त झालं गौरीच्या जेवणाचं. सगळं गणगोत जमलं होतं. पंगती उठल्या, विडे झाले, आणि कुणीतरी टीव्ही लावला. इंग्रजी वाहिनीवर 'लीथल वेपन' नुकताच सुरू होत होता. मी हातातलं सगळं टाकून खुर्ची पुढे ओढली. आमचा एक भाचा (तू हे वाचणारच आहेस, म्हणून नाव घालत नाही) पुण्यात कुठल्याशा फिल्म क्लबात जातो. तो म्हणाला, "मावशी, तू हे असलं बघतेस? अगं, सगळं तेच तेच असतं त्यात. पहिल्या दहा मिनिटांत शेवट कळतो." त्यावर आमची सून माझ्या मदतीला धावली. "असू द्या हो भावजी, आईंना आवडतं. मेंदू बाजूला ठेवून बघायचं असतं ते. टाइमपास!"

खरं सांगू? भाच्याच्या हल्ल्यापेक्षा सुनेच्या बचावाचाच मला जास्त राग आला. (सूनबाई, जेवण उत्तम झालं होतं. हा राग फक्त त्या एका वाक्यापुरता.) हल्ला करणाऱ्याशी वाद तरी घालता येतो. "बिचारीला आवडतं तर बघू दे" म्हणणाऱ्याशी काय बोलणार? त्या दिवशी गप्प बसले. आता सावकाश उत्तर देते.

आधी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, हा प्रकार काय ते सांगते. इंग्रजीत याला 'बडी कॉप' सिनेमा म्हणतात. मी आपलं 'जोडगोळी पोलीसपट' म्हणते. साचा अगदी पक्का. दोन पोलीस. (कधी एक पोलीस आणि एक चोर.) एक नियमानं चालणारा, दुसरा कशालाच न जुमानणारा. साहेब दोघांना एका गाडीत कोंबतो. दोघंही म्हणतात, याच्याबरोबर मी काम करणार नाही. मग भांडण, पाठलाग, गाड्यांचा चुराडा, साहेबाची आरडाओरड. मध्येच कधीतरी एक दुसऱ्याला आपल्या घरी जेवायला नेतो. मग मोठं भांडण, मग समेट, मग गोळीबार, आणि शेवटी दोघं जिवाभावाचे मित्र. संपलं. यात मी काही गौप्यस्फोट केलेला नाही, हे तुम्हाला पोस्टर बघूनही कळलं असतं.

आता आक्षेप पहिला : 'सगळं ठरलेलं असतं.'

असतंच. मी कुठे नाही म्हणते? पण ठरलेलं आहे म्हणून वाईट, हा निष्कर्ष कुठून काढलात? कीर्तनाला बसलेल्या बायाबापड्यांना सीता परत मिळणार की नाही याची धाकधूक नसते. बुवा कसं सांगतात, मध्येच कुठला दाखला देतात, आज कुठे हसवतात, तिकडे सगळं लक्ष. शेवटाची काळजी मिटलेली असते म्हणून मधल्या गोष्टी दिसू लागतात.

'लीथल वेपन'चंच घ्या. १९८७ सालचा, रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेला, शेन ब्लॅक यांनी लिहिलेला. मर्टॉ हा पन्नाशी गाठलेला पोलीस. पडद्यावर पहिल्यांदा दिसतो तोच टबात अंघोळ करताना, आणि अख्खं घर वाढदिवसाचा केक घेऊन आत घुसतं. (भूमिका पन्नाशीची, पण डॅनी ग्लोव्हर तेव्हा चाळिशीचाच होता.) दुसरा रिग्ज, म्हणजे मेल गिब्सन. बायको अपघातात गेलेली, समुद्रकाठी एका मोडक्या फिरत्या घरात कुत्र्याबरोबर राहतो, आणि स्वतःसाठी एक गोळी वेगळी ठेवून दिलेली आहे. रोज तिच्याकडे बघून जगावं की नाही ते ठरवतो.

आता सांगा, हे दोघं मित्र होणार की नाही, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे का? माझं लक्ष असतं ते मर्टॉच्या घरच्या जेवणावर. त्याच्या बायकोला स्वयंपाक बेताचाच येतो, यावर घरातले सगळे चेष्टा करतात. बाहेरून आलेला हा एकटा माणूस त्या चेष्टेत हळूच सामील होतो. जेवणं झाल्यावर दोघं अंगणात उभ्या असलेल्या होडीत जाऊन बसतात. पाण्यात नाही हं, अंगणातच! आणि बोलतात. शेवटी नाताळच्या दिवशी रिग्ज ती जपून ठेवलेली गोळी फीत बांधून मर्टॉसाठी भेट म्हणून देतो. आता मला ही लागणार नाही, असा निरोपही देतो. मग मर्टॉ त्याला घरात जेवायला बोलावतो.

वर्गात मी मुलांना शिकवायचे की वस्तूला अर्थ कसा चिकटतो ते बघा. ही गोळी त्याचं उदाहरण म्हणून खुशाल द्यावी. तेव्हा हा सिनेमा मला ठाऊक नव्हता, नाहीतर दिलंच असतं.

आणि भाच्या, तुझ्यासाठी एक खास गोष्ट. तुझ्या क्लबात अकिरा कुरोसावा यांच्या नावानं कान पकडतात ना? त्यांनी १९४९ साली 'स्ट्रे डॉग' केला. टोकियोतला भयंकर उन्हाळा. नव्या पोरसवदा पोलिसाचं पिस्तूल गर्दीच्या बसमध्ये चोरीला जातं, आणि ते शोधायला त्याला एका मुरलेल्या, शांत पोलिसाबरोबर जोडून देतात. तोशिरो मिफुने आणि ताकाशी शिमुरा. आणि मध्येच तो वयस्क पोलीस त्या पोराला घरी नेतो, बिअर पाजतो, झोपलेली आपली मुलं दाखवतो. जाणकार या सिनेमाला जोडगोळी पोलीसपटांचा पूर्वज मानतात. म्हणजे आजोबांना मखरात बसवायचं आणि नातवंडांना दारातून हाकलायचं, असं झालं की हे!

आक्षेप दुसरा (सूनबाईंचा) : 'मेंदू बाजूला ठेवून बघायचं.'

याला माझी साफ ना. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. इंग्रजी वाचायला जमतं, पण अमेरिकन माणूस तोंडातल्या तोंडात बोलायला लागला की माझी विकेट पडते. निवृत्तीनंतर ह्यांच्या नादानं इंग्रजी सिनेमे बघू लागले तेव्हा निम्मं डोक्यावरून जायचं. गंभीर सिनेमात तर एक वाक्य हुकलं की पुढचा अर्धा तास अंधार. पण जोडगोळीच्या सिनेमात मी कधी हरवले नाही. साचा ठाऊक असल्यामुळे आता साहेब ओरडतोय, आता हा त्याला टोमणा मारतोय, आता याला वाईट वाटलंय, हे शब्दाविना कळायचं. मग त्या आधारानं शब्दही कळू लागले. पहिलीच्या पुस्तकात आधी चित्र आणि खाली शब्द असतो, तसंच. साच्यानं माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. ज्यांना सगळ्या भाषा येतात त्यांना उघड्या दाराचं मोल कळत नाही.

यातला 'रश अवर' (१९९८) तर माझा लाडका. हाँगकाँगचा पोलीस ली, म्हणजे जॅकी चॅन, लॉस एंजेलिसला येतो. त्याला सांभाळायला दिलेला तिथला पोलीस कार्टर, म्हणजे ख्रिस टकर, अखंड बडबडतो. याला इंग्रजी येतच नाही असं धरून कार्टर मोठमोठ्यानं, तोडून तोडून, हातवारे करून बोलतो. ली नुसता हसतो. पुढे कळतं की त्याला इंग्रजी उत्तम येतं. त्यानं फक्त समोरच्याला बोलू दिलं होतं.

मंडळी, मी इतकी हसले की ह्यांनी पाणी आणून दिलं. तालुक्याच्या शाळेतून जिल्ह्याच्या प्रशिक्षणाला गेलेल्या प्रत्येक मराठी माध्यमाच्या शिक्षकाला विचारा. इंग्रजी फाडणाऱ्या साहेबांसमोर आपण गप्प बसतो तेव्हा त्यांना वाटतं, याला काही कळत नाही. आपल्याला सगळं कळत असतं. तो विनोद समजायला मेंदू लागतो आणि थोडा अपमानही गाठीशी असावा लागतो.

आणि नुसती कारागिरी बघायची असेल तर 'हॉट फझ' (२००७) बघा. हा इंग्लंडचा. लंडनचा एक पोलीस इतका कर्तबगार, की त्याच्यापुढे बाकीचे फिके पडतात म्हणून वरिष्ठ त्याला सँडफर्ड नावाच्या खेड्यात पाठवून देतात. (शाळाखात्यात नोकरी केलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको!) तिथे पळालेला राजहंस शोधणं हे मोठं काम. आपण हसतो आणि विसरतो. आणि शेवटी तोच राजहंस नेमका कामाला येतो. सुरुवातीला केलेला प्रत्येक फुटकळ विनोद पुढे व्याजासकट वसूल केलेला आहे. मेंदू बाजूला ठेवून बसलात तर अर्धा सिनेमा हुकेल.

आक्षेप तिसरा. हा भाच्यानं घेतला नाही, पण घ्यायला हवा होता. तो मीच घेते, कारण तो सगळ्यांत जड आहे.

हे पोलीस कायदा मोडतात, लोकांना दमदाटी करतात, आणि आपण हसतो. 'लीथल वेपन'मधले दोघं लॉस एंजेलिसचे पोलीस. त्याच शहरात मार्च १९९१ मध्ये तिथल्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर बेदम मारलं. एका रहिवाशानं त्याचं चित्रण केलं म्हणून जगाला दिसलं. एप्रिल १९९२ च्या अखेरीस खटल्याचा निकाल पोलिसांच्या बाजूनं लागला आणि शहर पेटलं. दंगल शमून दोन आठवडे होत नाहीत तोच, मे १९९२ मध्ये, 'लीथल वेपन'चा तिसरा भाग लागला. त्यात एक प्रसंग आहे. चुकीच्या जागी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला हे दोघं अडवतात, आणि रिग्ज वेड्याचं सोंग घेऊन त्याला गोळी घालण्याची भीती दाखवतो. गंमत म्हणून! २०२० साली मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाल्यानंतर मी तो प्रसंग पुन्हा पाहिला. हसू आलं नाही. आता येणारही नाही.

तेव्हा हा आक्षेप मला मान्य आहे. मान्य करून मी एवढंच विचारते, की हा दोष साच्याचा आहे का? साच्याला लागतात दोन न जुळणारी माणसं आणि एक सामायिक काम. दमदाटी भरणाऱ्यांनी भरली. ती काढली तरी साचा उभाच राहतो. पुरावा म्हणून 'झूटोपिया' (२०१६) बघा. नातीबरोबर पाहिला. ससुली पोलीस आणि कोल्हा भामटा. तिला गुन्हा शोधायला मुदत मिळते ४८ तासांची. ४८ च का? कारण १९८२ च्या 'फॉर्टी-एट अवर्स'मध्ये निक नोल्टीचा पोलीस एडी मर्फीच्या कैद्याला तेवढ्याच वेळासाठी तुरुंगातून सोडवून आणतो. नातीला ससा दिसत होता, मला एडी मर्फी दिसत होता, आणि दोघी खूश.

बायकांचं म्हणाल तर तीही तक्रार रास्त आहे. तीस-पस्तीस वर्षं या सिनेमांतल्या बहुतेक बायकांनी एक तर जेवण वाढलं नाहीतर पळवून नेल्या गेल्या. शेवटी २०१३ साली 'द हीट'मध्ये सँड्रा बुलक आणि मेलिसा मॅकार्थी या दोघींना मिळून ती गाडी मिळाली. त्यातली एक अनाथ म्हणून परक्या घरांत वाढलेली असते. तिच्या शाळेच्या आठवणींच्या पुस्तकात कुणीच काही लिहिलेलं नसतं. शेवटी दुसरी त्यात लिहून देते, की आता तुला बहीण आहे. चौतीस वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल पेननं शेरे लिहिले मी, पण असा शेरा एकदाही लिहायचं सुचलं नाही.

आता शेवटचा मुद्दा. खरं तर त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

या सिनेमांच्या साच्यात एक जागा अशी असते, जिथे कुणीतरी माफी मागतो. 'फॉर्टी-एट अवर्स'मध्ये नोल्टीचा पोलीस त्या कैद्याला रंगावरून नाही नाही ते बोललेला असतो, आणि पुढे अवघडून का होईना, चूक कबूल करतो. 'झूटोपिया'त ससुली पुलाखाली उभी राहून रडत माफी मागते. 'इन द हीट ऑफ द नाइट' (१९६७) हलकाफुलका अजिबात नाही, पण नातं त्याच घराण्याशी. त्यात दक्षिणेतल्या एका गावचा गोरा पोलीसप्रमुख, जो सुरुवातीला सिडनी पॉइटिएच्या कृष्णवर्णीय पोलीस अधिकाऱ्याला माणूसही समजायला तयार नसतो, तो शेवटी स्टेशनावर त्याची बॅग उचलून नेतो. बस, एवढंच. ती बॅग म्हणजेच माफी.

आमच्या शाळेत गणिताच्या एक बाई होत्या. त्या म्हणजे आखीवरेखीवपणा. हजेरीपटावर शाईचा डाग नाही. मी मराठीची, हजेरीपट कुठे ठेवला ते रोज शोधणारी. आमचं एकमेकींशी कधी जुळलं नाही. १९९३ च्या डिसेंबरात नववीची कोकणची सहल निघाली आणि मुख्याध्यापकांनी आम्हा दोघींना एकत्र पाठवलं. एसटीत पुढच्या बाकावर चार दिवस शेजारी शेजारी! पहिल्या दिवशी आम्ही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी भांडलो. तिसऱ्या रात्री घाटात गाडी पंक्चर झाली, मुली मागे झोपल्या होत्या, आणि आम्ही दोघी समोरच्या काचेतून काळोखाकडे बघत बोलत बसलो. शेजारी बसलं की बोलणं सोपं जातं, समोरासमोर बसल्यावर जात नाही. त्या म्हणाल्या, मधल्या भिंतीतून तुमची कविता ऐकू येते, तेव्हा मी फळ्यावर गणित घालते आणि मुलींना मुद्दाम जास्त वेळ देते.

परत आल्यावर हिशेबात ४० रुपये कमी भरले. त्यांनी नियमाप्रमाणे तशी नोंद केली, माझ्या नावानं. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुम्हाला माणसांपेक्षा आकडे जास्त कळतात." त्या काही बोलल्या नाहीत. पुढे २००४ साली त्या निवृत्त होईपर्यंत आमच्यात कामापुरतं बोलणं राहिलं.

पावती मला सापडली होती. १९९४ च्या जूनमध्ये, माझ्याच कवितेच्या पुस्तकात. मुलींसाठी घेतलेल्या केळ्यांची, ४० रुपयांची. मी ती दाखवली नाही. आज दाखवू, उद्या दाखवू, असं करत राहिले. मग त्या निवृत्त झाल्या, मग गाव सोडून मुलाकडे गेल्या, आणि २०१५ साली गेल्याची बातमी आली.

सिनेमा असता तर अर्धा तास उरलेला असताना मला ती पावती दाखवावीच लागली असती. साच्यानं सोडलं नसतं. "सगळं ठरलेलं असतं" म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे, की आयुष्यात यातलं काहीही ठरलेलं नसतं. तिथे घाटातली रात्र येते आणि माणूस तरीही घरी येऊन गप्प बसतो. म्हणून दोन तास कुणीतरी ते हमखास घडवून दाखवतं आणि वर हसवतंही, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून बसते. मेंदू जागेवर ठेवून.

असो. फार झालं. डोळे दुखायला लागले.

पुढच्या वर्षी गौरीला टीव्हीसमोरची खुर्ची मी आधीच धरून ठेवणार आहे. भाच्या, शेजारची तुझ्यासाठी. 'लीथल वेपन'चा दुसरा भाग बघू. त्यात मर्टॉ शौचकूपावर बसलेला असतो आणि खाली बाँब. उठला की स्फोट. आणि रिग्ज त्याला सोडून जायला तयार नसतो. पुढे काय होतं ते तुला ठाऊकच आहे. तरी ये.